यजमान ओळखीचा नाही

मेस्तियाच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा
एक्स-रेच्या खोलीत स्टोव्ह पेटलेला
आणि खिडकीशी मुर्मान, पाय ताणून बसलेला.
नऊ वर्षं इथल्या हाडांची चित्रं चकत्यांवर भरून
तो झुगदिदीच्या डॉक्टरांकडे नेत आला,
आपल्या व्हॅनमधून, बटाट्यांच्या पोत्यांवर,
कधी कोटाच्या खिशात.
"म्हणजे माझं काम तू काढून घेणार," म्हणाला.
रागाने नाही. चहा ओतता ओतता.

माझ्याकडे छापील तक्ता होता.
पहिला रकाना : रोज किती फायली?
नाझिब्रोला हसली. रोज म्हणजे कुठल्या रोज?
गवत कापायच्या दिवसांत मनगटं,
बर्फ धरला की पाहुण्यांचे गुडघे,
लग्नांच्या हंगामात एखाददुसरं नाक,
आणि फेब्रुवारीत कधीतरी
एका सकाळी अख्खी आळी.
मी लिहिलं : सरासरी चौदा.
मग खोडलं.
सरासरीवर बेतलेली डिस्क
नेमकी त्या सकाळी भरते.
तहान लागल्यावर विहीर खणायची नाही,
एवढ्याचसाठी तर मला कुताइसीहून बोलावलं होतं.

मेमरी, प्रोसेसर, हे सोपं. बाजारात मिळतं.
फायली किती वर्षं ठेवायच्या?
नाझिब्रोला म्हणाली, माणूस जाईपर्यंत.
रकान्यात आकडाच बसत होता.

दुपारी बाहेर पडले. समोरच दगडी बुरूज,
मुर्मानच्या कुणा खापरपणज्याने वैरापायी बांधलेला.
दार एकच, तेही दोन पुरुष उंचीवर,
शिडी आतून ओढून घ्यायची.
"जमिनीला दार ठेवलं," मुर्मान म्हणाला,
"तर शत्रू राहू दे, गायसुद्धा आत येते."
संध्याकाळी मी एकच पोर्ट उघडं धरलं,
बाकी सगळी बंद.
पासवर्ड नकोत, ज्याची त्याची किल्ली,
आणि कोण आलं, कधी आलं, काय नेलं
याची वही वेगळ्या यंत्रावर,
जिथे येणाऱ्याचा हात पोचणार नाही.

पुढचा रकाना : बंद पडलं तर किती वेळ चालेल?
मी सवयीने "चार तास" लिहायला घेतलं.
मुर्मान स्टोव्हकडे बघत बोलला.
खाइशीच्या पुढे दरड आली त्या वर्षी
अकरा दिवस रस्ता नव्हता.
गाडी वळवून तो घरी आला, तापाने पडला.
एप्रिलमध्ये बायकोने कोट उन्हात टाकला
तेव्हा खिशातून चकती निघाली.
कुणाची, ते त्याने सांगितलं नाही.
नाझिब्रोलाने लाकूड आत सरकवलं,
गरज नसताना आणखी एक.

त्या रात्री मी पाहुणघरात बसून लिहिलं :
बॅटऱ्या दोन, जनरेटर, डिझेल सहा दिवसांचं.
तार तुटली तर उपग्रहाची जोडणी, हळू का असेना.
अडलेली फाइल रांगेत थांबेल, हरवणार नाही.
आणि पलीकडून पोचपावती आल्याखेरीज
कुठलीही प्रत
पुसायची नाही.
या शेवटच्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली.
दुसरी का, ते ठाऊक नाही.

सकाळी माझ्या लॅपटॉपवरून
झुगदिदीशी चाचणीपुरतं जोडून पाहिलं.
पडद्यावर आलं :
या यजमानाची ओळख पटलेली नाही. पुढे जायचं?
मुर्मानला ते वाचून दाखवलं तर तो दुखावलाच.
"आमच्याकडे आधी आत घेतात,
जेवू घालतात, मग नाव विचारतात."
इथे उलट आहे, मी म्हटलं.
फोन लावला. तिकडे इझोल्दा म्हणून कुणी,
तिच्यासमोर तेच ठसे, अक्षरांचे आणि आकड्यांचे,
तिने आमच्याकडून ऐकून ताडून पाहायचे.
मी वाचणार, तोच मुर्मानने फोन घेतला.
बोट पडद्यावर ठेवून एकेक अक्षर,
देवळात नावं घ्यावीत तसं, सावकाश,
आणि पलीकडून दर वेळी : हो. हो.

निम्म्यावर लाइन तुटली.
मी म्हटलं, उरलेलं वाचू, इतकं तर जुळलं.
"नाही. पहिल्यापासून," तो म्हणाला,
आणि चष्मा पुसायला घेतला.